वस्तीत जायचं, पण तिथे जाऊन करायचं काय?

या महिन्याच्या पत्रांत निम्मी पत्रं समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींची आहेत आणि उरलेली नोकरीधंदा सांभाळून वस्तीत काम करू पाहणाऱ्यांची. दोघांचं गाऱ्हाणं साधारण एकच: एकटा माणूस समोर असला की बोलायला जमतं, आख्खी वस्ती समोर आली की हातपाय गळतात. मी आयुष्यभर फिल्डवर्कच्या मुलांची मार्गदर्शक म्हणून वस्त्या तुडवल्या, त्यामुळे हे गाऱ्हाणं मला नवं नाही. पत्रं लांबलचक होती, त्यांना कात्री लावली आहे.

मॅडम, मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या (एम.एस.डब्ल्यू.) पहिल्या वर्षाला आहे. फिल्डवर्कला एक वस्ती मिळाली आहे. मार्गदर्शक म्हणतात, "आधी रॅपो कर." मी घरोघरी जाते, नाव सांगते, लोक बसायला सांगतात, दहा मिनिटांत दोन्हीकडचं बोलणं संपतं. वर्गातल्या मुलींनी शिबिरं घेतली, रॅली काढली. माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. एखादं शिबिर घेऊन टाकू का?

नको घेऊस. निदान एवढ्यात तरी नको.

"रॅपो कर" हे ऐकून माझेही कान किटलेत. रॅपो म्हणजे लोकांशी विश्वासाची ओळख. तू घरोघरी जाऊन ओळख मागते आहेस, आणि ओळख अशी मागून मिळत नाही. काहीतरी हातात घेऊन तू तिथे वावरलीस की ती आपोआप होते. सध्या तुझ्यासाठी ते काम एकच: ही वस्ती रोज चालते ती कोणामुळे, हे शोधणं. तू जायच्या आधीही तिथे पाणी भरलं जात होतं, आजाऱ्याला दवाखान्यात नेलं जात होतं, भांडणं मिटत होती. ते कोण करत होतं?

पहिली गोष्ट, जायची वेळ बदल. आमची मुलं सगळी अकरा ते चारच्या दरम्यान जातात. त्या वेळी कामाची माणसं कामावर असतात. घरी असतात म्हातारे, तान्ही पोरं, आजारी आणि रात्रपाळी करून झोपलेले. ते पाहून मुलं अहवालात लिहितात, "लोक उदासीन आहेत." अगं, ते घरातच नाहीत! मार्गदर्शकांना सांगून, सोबत कोणाला घेऊन, एकदा पाणी येतं त्या वेळी जा. एकदा लोक कामावरून परततात तेव्हा जा. एकदा सुट्टीच्या दिवशी जा.

नळावर काय दिसतं ते सांगते. एका वस्तीत मी एक बाई पाहिली. तिला कसलंही पद नव्हतं, कुठल्या गटाची ती अध्यक्ष नव्हती. हंड्यांची रांग लागलेली असायची आणि ही नळाच्या अंगाला उभी. कोणी रडणाऱ्या पोराला घ्यायला घरी पळाली, की रांग सरकेल तसा तिचा हंडा ही पायानेच पुढे ढकलायची. नवी आलेली सून गोंधळून उभी राहिली, तर एक शब्द न बोलता तिची जागा बोटाने दाखवायची. दोघींची जुंपली तर ओरडणं नाही, मध्ये पडणं नाही. भरलेला हंडा उचलून बाजूला ठेवायची आणि भांडणाऱ्या दोघींना वगळून तिसरीचा हंडा नळाखाली लावायची. "तुमचं ठरलं की सांगा." दोन मिनिटांत ठरायचं. आमच्या सर्व्हेच्या फॉर्ममध्ये या बाईच्या नावापुढे काय लिहिलं होतं? गृहिणी.

अशी माणसं प्रत्येक वस्तीत असतात आणि "तुमच्या समस्या काय आहेत?" या प्रश्नाने ती कधीच सापडत नाहीत. तो प्रश्न विचारलास की तुला पाणी, गटार, दिवे अशी यादी मिळेल, कारण तुझ्याआधी आलेल्या प्रत्येकाला तीच यादी दिली गेली आहे. त्याऐवजी विचार, "मागच्या वेळी रात्री कोणी आजारी पडलं, तेव्हा काय झालं?" मग यादी येत नाही, गोष्ट येते. गोष्टीत माणसं येतात: दार कोणाचं वाजवलं, पैसे कोणी दिले, बरोबर कोण गेलं. तीन-चार गोष्टी ऐकल्यास की तीच तीच नावं पुन्हा येऊ लागतील. ती वहीत लिही.

थोडी ओळख झाली की वस्तीचा नकाशा काढ. कागदावर नको, जमिनीवर काढ. खडू, खडे, पानं, जे मिळेल ते चालेल. ब्रिटिश विकास-अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी 1990 च्या आसपास लोकसहभागाच्या ज्या पद्धतींचा प्रसार केला, त्यातली ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात बिघडवली गेलेली पद्धत. बिघडते ती अशी: विद्यार्थी स्वतःच खडू घेऊन बसतो आणि लोकांना विचारत विचारत रेघा ओढतो. खडू पहिल्या पाच मिनिटांत तुझ्या हातातून गेला पाहिजे. कागदावर पेन त्याच्याच हाती जातं ज्याला लिहिता येतं, आणि एकदा काढलेलं खोडायला लोक बिचकतात. जमिनीवर कोणीही येऊन पायाने पुसतं, "अहो, गटार तिकडून नाही, इकडून वळतं." या पुसापुशीतच तुला वस्ती कळेल. आणि बायकांचा नकाशा वेगळा काढून घे. पुरुषांच्या नकाशात देऊळ, मैदान, ऑफिस ठसठशीत येतं. बायकांच्या नकाशात अंधारी गल्ली येते, संडासाला जायची वाट येते, ज्या घरापुढून मुलींना पाठवत नाहीत ते घर येतं. दोन्ही नकाशे शेजारी ठेवलेस की मार्गदर्शकांना दाखवायला शिबिराच्या फोटोपेक्षा पुष्कळ काही असेल.

नमस्कार ताई. मी खासगी कंपनीत नोकरी करतो. आम्ही मित्र शनिवार-रविवारी एका वस्तीत कपडे, वह्या, धान्य वाटतो. तेव्हा झुंबड उडते. पण "कचऱ्याच्या प्रश्नावर एकत्र बसू" म्हटलं की चार डोकी येत नाहीत. लोकांना फुकटचं हवं आहे आणि हातपाय हलवायला नको, असंच समजायचं का?

नका समजू. तुम्ही त्यांना रांगेत उभं राहायला बोलावलंत, ते आले. आता अचानक गोलात बसायला बोलावताय. तुमचं आणि त्यांचं नातं जे ठरलं आहे त्याप्रमाणे ते वागताहेत.

वाटप वाईट, असं मी म्हणणार नाही. आग लागली, पूर आला, तर आधी वाटपच करायचं असतं. पण वाटपात काय द्यायचं, कोणाला, किती वाजता, हे सगळे निर्णय एकाच बाजूचे असतात. समोरच्याने फक्त यायचं. वर्षभर असं चाललं की त्या वस्तीत तुमची ओळख 'देणारे' अशी पक्की होते, आणि देणाऱ्याबरोबर बसून कोणी कचऱ्याचा विचार करत नाही. फार तर कचरापेटी मागेल.

हा झगडा आपल्या कामाइतकाच जुना आहे. लंडनमध्ये 1869 साली धर्मादाय मदतीला शिस्त लावण्यासाठी चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली. सुखवस्तू घरातली माणसं गरिबाघरी जायची आणि मदतीला लायक कोण, नालायक कोण हे ठरवायची. 1884 मध्ये त्याच शहरात टॉयन्बी हॉल उभा राहिला तो उलट्या विचारातून: वस्तीत जाऊन यायचं नाही, तिथेच राहायचं. तिथून स्फूर्ती घेऊन जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी 1889 मध्ये शिकागोत हल हाऊस सुरू केलं. आणि तुमचा प्रश्न कचऱ्याचाच आहे म्हणून सांगते, हल हाऊसच्या आसपासही कचऱ्याने उच्छाद मांडला होता. तिथल्या महिला मंडळाच्या बायकांनी गल्ल्या वाटून घेतल्या, बोळाबोळात जाऊन पाहणी केली आणि एका उन्हाळ्यात आरोग्य खात्याकडे हजारावर तक्रारी नोंदवल्या. पुढे 1895 मध्ये जेन ॲडम्स यांनी वॉर्डाचा कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठी चक्क स्वतःची निविदा भरली. ती फेटाळली गेली, पण महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमलं. मग बाई सकाळी सहाला उठून कचऱ्याच्या गाड्यांच्या मागे जायच्या. या बाईंना 1931 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं हे सगळ्यांना माहीत असतं. गाड्यांच्या मागे जायचं मात्र फार कमी लोकांना माहीत असतं.

यातलं तुमच्या उपयोगाचं असं: "कचऱ्याचा प्रश्न सोडवू" हे बोलावणं फार मोठं आहे आणि ते तुमचं आहे. ज्यांच्या दारात कचरा साचतो अशा दोन-तीन घरांशी बोला. त्यांना बैठकीला बोलावू नका, त्यांच्याबरोबर मोजणी सुरू करा. गाडी कोणत्या वारी आली, कुठपर्यंत आली, कुठल्या वळणावरून परत फिरली. कॅलेंडरवर खुणा करायला लिहिता यावं लागत नाही. महिनाभराच्या खुणा जमल्या की त्या घरांना सांगायला काहीतरी असतं आणि शेजारी आपणहून डोकावतात. तक्रार अर्ज टाईप करून द्या, हवं तर सोबत जा. पण सही त्यांची, आणि साहेबासमोर बोलणंही त्यांचंच.

वाटप चालू ठेवायचंच असेल तर दुसऱ्या ठिकाणी ठेवा, किंवा यादी करण्याचं काम वस्तीतल्या लोकांवर सोपवा. आणि एक सांगायचं राहिलं. घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा वाटपाचा फोटो टाकणं आजपासून बंद. यावर मी वाद घालणार नाही.

ताई, मी एका संस्थेत समुदाय संघटक आहे. दर महिन्याला बैठक घेतो. माणसं पंचवीस-तीस येतात, बोलतो मात्र एकच. वस्तीतले भाऊ. ते बोलले की बाकीचे माना डोलावतात. बायका भिंतीला टेकून बसतात आणि उठून जातात. भाऊंना बाजूला ठेवलं तर पुढची बैठकच होऊ देणार नाहीत. काय करावं?

भाऊंना बाजूला ठेवू नका आणि त्यांच्या मांडीवरही बसू नका.

आधी एवढं शोधा की हा माणूस भाऊ झाला कसा. बहुतेक वेळा त्याने खरोखर काही केलेलं असतं. कोणाला दवाखान्यात बेड मिळवून दिला असेल, कोणाची कागदपत्रं करून दिली असतील, घरं पाडायला माणसं आली तेव्हा आडवा उभा राहिला असेल. लोक डोलावतात त्यात भीती असते, तसा उपकारही असतो. आम्हा समाजकार्यवाल्यांना प्रत्येक वस्तीत एक खलनायक लागतो आणि तो आम्ही चटकन ठरवून मोकळे होतो. तसं करू नका. दुसरं शोधायचं ते असं: त्यांच्यामुळे बैठकीला कोण येतच नाही? ती घरं वस्तीच्या कुठल्या टोकाला आहेत?

आता बैठकीचं. चांगली बैठक आदल्या आठवड्यातच निम्मी झालेली असते. भाऊंना आधी जाऊन भेटा. विषय सांगा, "सुरुवात तुम्ही करा, पाच मिनिटं" असं सांगा. मान मिळाला आणि वेळ ठरला की निम्मं काम होतं. मग बायकांकडे जा, त्यांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्या सोयीच्या जागी. जी बाई तिथे नेमकं बोलेल तिला विचारा, "हेच तिथे बोलाल का?" ती नाही म्हणेल. मग विचारा, "दुसऱ्या कोणी तुमच्यासोबत उभं राहिलं तर?" पुष्कळदा तेवढ्यावर जमतं.

जागा बघा. भाऊंच्या ओट्यावर बैठक असेल तर ती भाऊंचीच बैठक. खुर्च्या सगळ्यांना पुरणार असतील तर आणा, नाहीतर सगळे खाली, तुमच्यासकट.

आणि "कोणाला काही बोलायचंय का?" हा प्रश्न कायमचा टाकून द्या. त्याचं उत्तर भाऊच देणार. चार-पाच जणांचे गट करा, बायकांचे वेगळे, तरुण पोरांचे वेगळे. दहा मिनिटं आपसात बोलू दे, मग प्रत्येक गटातून एकाने सांगायचं. प्राधान्य ठरवायचं असेल तर हात वर करायला लावू नका. पाच विषयांची पाच चित्रं जमिनीवर मांडा, प्रत्येकाच्या हातात सारखे खडे द्या आणि चित्रापाशी टाकायला सांगा. भाऊंनाही तेवढेच खडे. एका ठिकाणी असंच केलं, तेव्हा तोवर जोरजोरात मांडला जाणारा विषय होता समाजमंदिराची दुरुस्ती. त्यावर मोजके खडे पडले आणि संडासाच्या दिव्यावर ढीग झाला. कोणी कोणाला उलट बोललं नव्हतं, पण ढीग सगळ्यांना दिसत होता. तिथल्या पुढाऱ्याने क्षणभर पाहिलं आणि मोठ्या आवाजात जाहीर केलं, "मी पण हेच म्हणत होतो, दिवा आधी!" म्हणू द्या. दिवा लागल्याशी मतलब.

शेरी अर्न्स्टीन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. अगदी खाली लोकांना नुसतं वापरून घेणं, मध्ये माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी आणि शेवटी कारभार लोकांच्या हाती. दर बैठकीनंतर इतिवृत्ताच्या खाली आपण कितव्या पायरीवर होतो ते स्वतःपुरतं लिहीत जा. हजेरीचा आकडा मोठा आणि पायरी तिसरी, असं बरेचदा निघेल. अहवालात आकडा जातो, काय करणार. तुम्ही पायरी बघा.

मॅडम, रेकॉर्डिंगचा, म्हणजे फिल्डवर्कच्या रोजच्या नोंदी लिहिण्याचा, अक्षरशः वैताग आला आहे. रोज तेच ते काय लिहायचं? माझं एक पान सोबत जोडलं आहे. यात काय चुकतं?

तुझं पान असं आहे: "आज वस्तीत भेट दिली. महिलांशी संवाद साधला. त्यांना स्वच्छतेचे महत्त्व पटवून दिले. महिलांनी उत्तम प्रतिसाद दिला." हे पान तू घरी बसूनही लिहू शकली असतीस. चुकतं ते इतकंच.

किती महिला? कोण बसल्या, कोण उभ्या होत्या? "पटवून दिले" म्हणतेस, त्यांना पटलं हे तुला कशावरून कळलं? मी तुला फोन करून त्या दिवसाचं तोंडी विचारलं तेव्हा तू सांगितलेलं तुझ्याच शब्दांत उतरवते: "पाचजणी होत्या. दोघी पाठमोऱ्या बसून निवडत होत्या. मी हात धुण्याबद्दल सांगितलं. एकजण म्हणाली, साबण पोरं मोरीत टाकून देतात. सगळ्या हसल्या. मी पुढचा मुद्दा घेतला. तेवढ्यात पाठमोऱ्यांपैकी एकीने विचारलं, संडासाला दार कधी बसणार? मी म्हटलं, बघू. मग फारसं कोणी बोललं नाही."

आता हे वाच. तुझी बैठक 'बघू' पाशी संपली, तू मात्र आणखी वीस मिनिटं बोलत राहिलीस. पाठ करून बसलेली बाई ऐकत नव्हती असं तुला वाटलं, आणि खरा प्रश्न तिनेच विचारला. पहिल्या पानावरून हे कुठल्याच मार्गदर्शकाला दिसलं नसतं. त्यांना तुझी हजेरी तपासायची नसते, तुझ्या मागे उभं राहून बघायचं असतं.

त्याच दिवशी लिही, दुसऱ्या दिवसापर्यंत माणसांचे शब्द जाऊन आपले शब्द येतात. लोक काय म्हणाले ते वेगळं, तुला काय वाटलं ते वेगळं. नावं पूर्ण लिहू नकोस, आणि ती वही बसमध्ये उघडून बसू नकोस.

गटातल्या एका ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नवरा मारतो. "कोणाला सांगू नको," म्हणाल्या. पुढच्या बैठकीत नाव न घेता कौटुंबिक हिंसाचारावर चर्चा ठेवू का? — वस्तीत काम करणारी कार्यकर्ती

पुढच्या बैठकीत अजिबात नको. वस्तीत घरं भिंतीला भिंत लावून असतात. कोणाकडून आवाज येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती तुमच्याशी बाजूला बोलली हेही कोणीतरी पाहिलं असणार. विषय निघाला की नजरा तिच्याकडे वळतील आणि संध्याकाळी त्याची किंमत ती मोजेल.

तिला पुन्हा भेटा, सहज वाटेल अशा निमित्ताने. तिला काय हवंय ते विचारा. बाहेर पडायचं असेलच असं नाही. कधी फक्त मारहाण थांबायला हवी असते, कधी कोणाला तरी माहीत असावं एवढंच हवं असतं. जीवाला धोका वाटतो का हे मात्र स्पष्ट शब्दांत विचारा. रात्री कोणाकडे जाता येईल, कागदपत्रं कुठे आहेत, पोरांचं काय, हे तिच्याबरोबर बसून ठरवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. त्यांच्यामार्फत तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो हे तिला सांगा. जायचं की नाही ते ती ठरवेल. नवऱ्याला समजावायला तुम्ही जाऊ नका.

गुपित राखायच्या वचनाला मर्यादा असते, ती आधीच सांगायला हवी. जीव जाण्याचा धोका असेल तर तुम्ही गप्प बसू शकत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. आणि तुमच्या वरिष्ठांशी नाव न घेता बोला. हे ओझं एकटीने वाहायचं नसतं.

हिंसाचारावर चर्चा दोन-तीन महिन्यांनी, आणखी चार विषयांच्या रांगेत येऊ द्या.

परीक्षेसाठी रॉथमनची तीन प्रारूपं पाठ केली आहेत. पण वस्तीत गेल्यावर नक्की कोणतं वापरायचं?

अमेरिकन समाजकार्य-अभ्यासक जॅक रॉथमन यांनी 1968 मध्ये समुदायासोबत काम करण्याच्या या तीन पद्धती मांडल्या: स्थानिक विकास, सामाजिक नियोजन आणि सामाजिक कृती. पाण्याचंच घे. लोकांनी एकत्र बसून नळाच्या वेळा ठरवल्या आणि गळती स्वतः दुरुस्त केली, तर पहिलं. कुठे किती दाब, किती घरं, किती जोडण्या याची आकडेवारी काढून जाणकारांनी आराखडा केला, तर दुसरं. शेजारच्या भागाला पाणी मिळतं आणि आम्हालाच का नाही, असं म्हणत हंडे घेऊन कचेरीवर गेले, तर तिसरं. वस्ती काही यातलं एक निवडून बसत नाही. सकाळी दुरुस्ती, दुपारी अर्ज आणि ऐकलं नाही तर सोमवारी मोर्चा, असं चालतं. रॉथमननी स्वतःही पुढे ही प्रारूपं एकमेकांत मिसळतात हे मान्य केलं. परीक्षेत तीन लिही. वस्तीत एवढंच विचार की अडलंय कुठे: लोकांच्या आपसातल्या बोलण्यात, माहितीत की कोणाच्या तरी नकारात?

आमच्या संस्थेचा प्रकल्प मार्चमध्ये संपतो आहे. वस्तीतून बाहेर कसं पडावं? लोकांना आत्ताच सांगितलं तर ते नाउमेद होतील, म्हणून अजून सांगितलेलं नाही.

आजच सांगा. खरं तर हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं: आम्ही अमुक काळापुरते आहोत, हे करू शकतो, हे करू शकत नाही. आता निदान उरलेले महिने तरी लोकांच्या हाती राहू द्या. नाराज होतील, होऊ द्या.

तुमच्याशिवाय कोणकोणती कामं अडतील त्याची यादी त्यांच्याबरोबर बसून करा. कचेरीत कोणत्या टेबलाशी जायचं, कोणाचा फोन नंबर, कुठला अर्ज अर्धवट राहिला आहे, बँकेत सही कोणाची. शेवटच्या दोन बैठका त्यांनी बोलवायच्या. तुम्ही गेलात तरी मागे बसायचं. शेवटची तर तुमच्याशिवायच होऊ द्या. निरोपाचा मोठा कार्यक्रम आणि शाली-नारळ टाळता आले तर टाळा, त्यात त्यांचाच खर्च होतो.

अर्ज, पोचपावत्या, नकाशे, इतिवृत्ताची वही हे सगळं संस्थेच्या कपाटात जायची पद्धत आहे. तसं करू नका. मूळ कागद वस्तीकडे ठेवा आणि संस्थेच्या फाईलला झेरॉक्स लावा. फक्त वैयक्तिक तक्रारींचे कागद त्या गठ्ठ्यातून आधी वेगळे काढा आणि ज्याचे त्याला नेऊन द्या.